नूरमोहम्मदचे सात सांधे

चिकलठाण्याच्या रस्त्यावर नूरमोहम्मदच्या पायातली एक चप्पल कुठंतरी निघून पडली आणि तो तसाच फर्लांगभर चालत गेला. २०१६ सालचा एप्रिल, भर दुपार, डांबर पाघळलेलं. संध्याकाळी त्याच्या बायकोनं, जाहेदानं, तळव्यावरचा रुपयाएवढा फोड पाहिला तेव्हा घरात कळलं.

"ये क्या हुआ जी पाव को?"

"चटका बैठा हुंगा."

"बैठा हुंगा? तुमको मालूम नै हुआ?"

नूरमोहम्मदनं पाय उलटा करून पाहिला. दुसऱ्या कुणाचा पाहावा तसा. "नै," म्हणाला, आणि दस्तरखानावर येऊन बसला.

डॉक्टर म्हणाले, साखर जुनी आहे, नसा गेल्यात. आधी पाय जातात, मग हात. "बोटांना मुंग्या येतात का?"

"यायच्या. आता नाय येत."

त्याला वाटलं होतं, बरं झालं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली.

बोटांवरच त्याचं पोट होतं. तो इंटरनेटच्या केबलीतल्या केसाएवढ्या काचेच्या तारा जोडायचा. चिकलठाण्यात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर परदेशी कंपनीनं बिनखिडक्यांची इमारत बांधली होती. आत बँका, पतसंस्था, व्यापारी कंपन्या आपापली संगणकाची यंत्रं आणून ठेवायच्या. जागा, वीज, गारवा सगळं भाड्यानं. दर्शनी भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि कंपनीच्या ठिकाणांची यादी: सिंगापूर, लंडन, मुंबई अशी करत करत शेवटून तिसरं औरंगाबाद. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. या इमारतीला बाहेरच्या जगाशी बांधणाऱ्या केबली दोन. एक जालना रोडनं येणारी, दुसरी बीड बायपासनं. एक तुटली तर दुसरीनं ओझं घ्यायचं. दोन्हींमधले बहुतेक सांधे नूरमोहम्मदच्या हातचे.

पावसानं पाठ फिरवल्याला बरीच वर्षं झाली होती. लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. इथं नळ आठवड्यानं यायचा, तरी शहर वाढायचं थांबत नव्हतं. जिथं तिथं नवी सोसायटी, सोसायटी तिथं बोअर, बोअरपासून टाकीपर्यंत चर. जेसीबीच्या दातांना मातीबरोबर काळी केबल लोंबकळत वर यायची. त्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी नूरमोहम्मद खड्ड्यात उतरायचा.

बायपासची केबल अशीच तुटली. अठ्ठेचाळीस तारा. छत्रीखाली बसून त्यानं एकेक तार सोलली, स्पिरिटनं पुसली, कापली, मशीनमध्ये ठेवून जोडली. मशीन प्रत्येक सांध्याला ठीक दाखवत होतं. खरी कसोटी त्यानंतरची. जोडलेल्या तारा डबीत वळवून बसवायच्या असतात. किती दाबलं हे बोटांनाच कळावं लागतं. जरा जास्त झालं की काचेला आतून तडा जातो, आणि तो वरून दिसत नाही. शेवटच्या ओळीवर आला तेव्हा पांढऱ्या फडक्यावर त्याला रक्त दिसलं. तर्जनीत काचेचं कुसळ घुसलं होतं. कधी घुसलं, पत्ता नाही. मागं पाहिलं तर फडक्याच्या दुसऱ्या टोकालाही डाग, वाळलेले.

तेव्हा त्याला कळलं, बोटंही गेली. भीती वाटायला हवी होती. त्यानं वाट पाहिली, पण तसं काही झालं नाही. दुसऱ्या खड्ड्याचा फोन आला होता. त्यानं डबी बंद केली आणि कागदावर 'ठीक' लिहून सही केली.

पाच दिवसांनी, सकाळी अकराला, जालना रोडची केबल गेली. बांधकामाच्या जागी बोअरची गाडी लावली होती. नूरमोहम्मद पोचला तेव्हा गाडीवाला मोतीराम डोक्याला रुमाल बांधून दगडावर बसला होता.

"तीन बोअर कोरडे गेले, चाचा," तो म्हणाला. "चौथ्याला तुमची वायर लागली."

बरोबर ओवी होती. औरंगपुऱ्यातली पोरगी, डिप्लोमा करून वर्षभरापूर्वी कंपनीत लागलेली, नूरमोहम्मदच्या हाताखाली काम शिकत होती. तिनं पेटी उघडली तेवढ्यात त्याचा फोन वाजला. इमारतीचे प्रमुख मुकुंद आष्टीकर होते.

"नूरभाई, बायपासनं ओझं घेतलं नाही. सात तारा मेल्यात. मराठवाड्यातल्या दोन बँकांचे काउंटर बंद आहेत. तिथं आता कुणी खोदलं?"

नूरमोहम्मदनं बोअरच्या भोकाकडं पाहिलं. कडेला राखेसारखा धुराळा साचला होता. खोदलं असेल, पाहतो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"कुणी नाय खोदलं, साहेब. ते सांधे माझेच. माझ्या बोटांना आता कळत नाय."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय."

"मग 'ठीक' कसं लिहिलंत?"

"दुसरं काय लिहावं ते सुचलं नाय."

"आता इथली केबल कोण जोडणार?"

त्यानं ओवीकडं पाहिलं. ती सगळं ऐकत होती.

"पोरगी जोडंल," तो म्हणाला.

ओवीनं आजवर खड्ड्यात चार-दोन सांधे केले होते, तेही तो शेजारी असताना. आता अठ्ठेचाळीस होते. तो छत्री धरून उभा राहिला आणि बोलत गेला. "निळी घे. सोल. घाई नको, बेटा. आता वळव. दाबू नको, नुसती टेकव." एक तार बसली की तो पुढचं सांगायचा. मोतीरामनं आपल्या कॅनमधलं पाणी दोघांना दिलं. चार वाजता जालना रोडची केबल चालू झाली. मग दोघं बायपासला गेले. ती डबी उघडताना ओवी म्हणाली, "चाचा, तुम्ही गाडीत बसा ना." तो बसला नाही. सातही सांधे तिनं त्याच्या डोळ्यांदेखत कापले आणि नव्यानं जोडले.

दोन दिवसांनी आष्टीकरांनी त्याला बोलावलं. "अहवालात तुमचं नाव घालावं लागलं, नूरभाई."

"घाला की."

"बाहेरचं काम बंद. पण तुम्हाला आत ठेवून घ्यायचं मी कबूल करून घेतलंय. भाडेकरू आले की त्यांना त्यांच्या यंत्रांच्या पिंजऱ्यापर्यंत न्यायचं, काम होईपर्यंत थांबायचं, परत आणायचं."

"बरं."

"काही बोलायचंय का तुम्हाला?"

नूरमोहम्मदनं विचार केला. बावीस वर्षांचं काम होतं, काहीतरी असायला हवं होतं. "नाय," म्हणाला.

घरी सांगितल्यावर जाहेदा रडली. पदरानं डोळे पुसत त्याच्याकडं पाहत राहिली. "तुमको रोना बी नै आता क्या?" त्यानं तिचा हात हातात घेतला. हात गरम आहे की गार, ते कळेना, म्हणून तिच्या बांगड्यांकडं पाहत बसला.

इमारतीच्या आत पिंजऱ्यांच्या रांगा होत्या, जाळीच्या, कुलूपबंद, आणि पंख्यांची एकसारखी घरघर. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन, आत माणसं स्वेटर मागायची. कंपनीनं त्याला निळं जाकीट दिलं. ओवी अधूनमधून खड्ड्यातून फोन करायची, तो दोन वाक्यांत उत्तर द्यायचा. तिच्या हाताखाली आता दुसरं कुणी आलं होतं.

जून उजाडला. पुण्याहून एका बँकेची दोन माणसं आपलं यंत्र बघायला आली. त्यानं दार उघडलं, रांग दाखवली, कुलूप काढलं आणि बाजूला उभा राहिला. त्यातला एक जण हात चोळत म्हणाला, "केवढं गार आहे हो इथं! तुम्ही दिवसभर कसे थांबता? सवय झाली असेल, बरीच वर्षं आहात वाटतं?"

"नाय, साहेब," नूरमोहम्मद म्हणाला. "महिना झाला."