फाटकापाशी सहा मिनिटं

"चावीवाले, तुमची सहा मिनिटं धरलीत हो!" माझ्या फाटकाची कडी वाजवून गार्डसाहेब असं ओरडायचे.

खातीपुऱ्यात आमच्या कॉलनीत दर थंडीत एक दौड होते. पळणं कमी, हसणं जास्त. आपल्याला किती मिनिटं लागतील ते आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचं. घड्याळं, मोबाइल पिशवीत जमा. ज्याचा अंदाज बरोबर, त्याला तिळाच्या गजकचा डबा.

ते रेल्वेतले रिटायर गार्ड, भुसावळकडचे. मी चावीवाला, म्हणजे रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या रोज ठोकत चालणारा. गल्लीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. डबा दरवर्षी त्यांचाच. ते पळायचेच नाहीत. वाटेत कुणाशी किती बोलायचं तेही चिठ्ठीत धरायचे. दूधवाल्याला दोन मिनिटं, मंदिरापुढं एक, माझ्या फाटकाशी सहा. "तुम्ही भांडता, म्हणून जास्त लागतात," म्हणायचे.

एका वर्षी म्हटलं, आपणही चालू. टेबलापाशी चिठ्ठी घेतली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढूनच घेतली. "द्या, ह्यांचं मी लिहितो." चारचौघांत! तुम्हीच सांगा, चौथीपर्यंत का होईना, शाळेत गेलोय मी. आकडे येतात मला. तसाच घरी आलो. वर्षभर बोललो नाही. दोनदा ते दारात आले. मी आतूनच सांगितलं, झोपलोय.

पुढच्या थंडीत दौडीच्या दिवशी परत कडी वाजली. "चावीवाले, सहा मिनिटं!" मी दाराआड मफलर गुंडाळून बसलेला. "उठा हो. चुकलं माझं. पुरे आता." मग नुसता खोकला ऐकू येत राहिला. उठावंसं वाटत होतं. उठलो नाही. बऱ्याच वेळानं त्यांचे बूट फरफटत गेले.

नंतर कळलं, ते सगळ्यांच्या शेवटी पोचले, चिठ्ठीपेक्षा कितीतरी उशिरा. लोक हसले. ते म्हणाले, "क्या करें भैया, सिग्नल ही नहीं मिला."

होळीच्या आधी ते गेले. झोपेतच. सांगायला आलेल्या माणसाला मी नुसतं "बरं" म्हटलं आणि दार लावून घेतलं.

ह्या थंडीत दौडीच्या सकाळी मी फाटक सताड उघडलं, बाहेर खुर्ची टाकली. मंडळी आली. "राम राम, बाबूजी!" मी उठून उभा राहिलो, तर एक बाई पळता पळता म्हणाली, "बैठिए, बैठिए." एकेक करून सगळे धुक्यात पुढं गेले. कुणाच्याच चिठ्ठीत मी धरलेला नव्हतो.