दसऱ्याला बंद राहिलेला सर्व्हर

गणपती नुकतेच गेले होते. सुलभा मॅडमच्या सुनेचा फोन आला, "वनिताताई, आई गेल्या हो…" शेवटच्या भेटीत मॅडमनी आग्रहाने अळूवडी वाढली होती आणि वर म्हणाल्या होत्या, "खा गं, ऑफिसात काय नुसती बटणंच खातेस?" त्या होत्याच तशा. माया करायच्या तीही दम देऊनच.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खांदा कॉलनीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी जवळच्याच खाडीकाठच्या गव्हाण गावची, क्लासात आधी शिकले आणि मग शिकवायला लागले. घरी मात्र बाबांचं एकच, "बाईमाणसाला काय करायचीत यंत्रं?" दसऱ्याला नवी बॅच सुरू व्हायची होती. मॅडमनी बाबांनाच बोलावणं धाडलं. म्हणाल्या, "सगळी मशीन तुमची मुलगी जोडून दाखवेल. बघा, आणि मग ठरवा." बाबा म्हणाले, "बगतो. नाय जमलं तं घरी बसल." झालं, माझी नोकरी दसऱ्यावर टांगली गेली!

तेव्हा प्रत्येक मशीनला नेटवर्कचा पत्ता हाताने द्यावा लागे. पोरं खोड्या काढून ते आकडे बदलायची, की दोन मशीनना एकच पत्ता आणि दोघांचं भांडण. म्हणून मी सगळीकडे नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि पत्ता आपोआप घ्यायची सोय लावली. म्हणजे मशीन सुरू झालं की त्याने सर्व्हरकडे पत्ता मागायचा आणि सर्व्हरने द्यायचा. आदल्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं. दसऱ्याला दुपारी बाबा पांढरी टोपी घालून खुर्चीत येऊन बसले, मी मशीन सुरू केली, आणि एकालाही पत्ता मिळेना! वायरी तपासल्या, सेटिंग पुन्हा केलं… काही नाही. सर्व्हर केबिनमध्ये, बंद दाराआड. तो कधी बंद नसायचाच, त्यामुळे तिकडे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. बाबा उठले. "चल पोरी. नाय जमत तं नाय जमत." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात मॅडम केबिनमध्ये गेल्या आणि कपाळाला हात लावून बाहेर आल्या. सकाळी त्यांनी सर्व्हरची पूजा केली होती, झेंडू वाहिला होता आणि माहेरच्या रीतीने पूजलेल्या हत्याराला विश्रांती म्हणून तो बंद करून ठेवला होता! "अगं, पत्ते वाटणाऱ्यालाच मी झोपवलंय, तुझ्या मशीनना देणार कोण?" नव्या बॅचची मुलं, त्यांचे आईवडील, सगळे बघत होते. गप्प राहून हळूच बटण दाबलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण त्या सरळ बाबांसमोर उभ्या राहिल्या. "दादा, चूक माझी आहे. तुमच्या मुलीचं काम चोख आहे." नंतर मात्र त्यांचाच पाय अडखळला. पूजलेलं आज सुरू करायचं कसं?

बाबा दारातून मागे वळले. "बाई, आमी होडी पन पूजतो दसऱ्याला. त्या दिवशी पान्यात नाय घालीत. पन कुनी बुडताना दिसला तं होडी ढकलतोच ना? दाबा बटन."

मॅडमनी हात जोडून झेंडू बाजूला केला आणि बटण दाबलं. सर्व्हर जागा झाल्यावर मी मशीन पुन्हा सुरू केली, तशी एकेकाला पत्ता मिळत गेला. बाबांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, तरी ते शेवटचं मशीन लागेपर्यंत उभे होते. जाताना म्हणाले, "हिला लवकर सोडत जा, शेवटची यष्टी चुकते." घरी बसायचा विषय पुन्हा कधीच निघाला नाही. आज मी जे काही आहे ते मॅडमच्या त्या एका वाक्यामुळे, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. दर वेळी उत्तर एकच, "पुरे गं, चहा टाक."

त्यानंतर दर दसऱ्याला सकाळी त्यांचा फोन यायचा. ना शुभेच्छा, ना चौकशी. थेट प्रश्न, "सर्व्हर चालू आहे ना?" आणि मग खो-खो हसणं.

यंदा फोन वाजला नाही. ऑफिसातल्या सर्व्हरला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. हिरवा दिवा लुकलुकत होता. मी मोठ्यानेच म्हणाले, "चालू आहे, मॅडम."