बिनकाठाची ताटं

हॉटेलच्या उद्घाटनाला, पहिल्याच पंगतीत, मी पंच्याहत्तरीच्या एका शेतकऱ्याला भाकरी कशी खायची ते शिकवलं. तेही त्यांच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या हॉटेलात, त्यांच्या व्याह्यांसमोर. नातवंडांना मी माझे बरेच पराक्रम तिखटमीठ लावून सांगते. हा सांगत नाही. लिहिताना निदान समोर कोणी बसलेलं नसतं.

हॉटेलला लागणारं सामान पुरवणं हा आमचा धंदा. नगरात दुकान होतं. भट्ट्या, एक्झॉस्ट, पीठ मळायची मशीन आणि क्रोकरी, म्हणजे ताटवाट्यांपासून चमच्यांपर्यंत सगळं. हिशेब यजमान बघायचे, गिऱ्हाईक मी. मी पन्नाशीला आले होते, चष्मा साखळीला बांधून गळ्यात अडकवायचे आणि पुण्याच्या एका प्रदर्शनातून ‘प्रेझेंटेशन’ हा शब्द नुकताच शिकून आले होते. शब्दाबरोबर काळी चौकोनी ताटंही आणली होती, मेलामाईनची. मेलामाईन दिसतं चिनी मातीसारखं, पण पडलं तरी सहसा फुटत नाही. ताटं अगदी सपाट, शाळेतल्या पाटीसारखी. फोटोत त्यावर नुसती कोथिंबीर ठेवली तरी दागिना वाटायची. मी भरमसाट मागवली. नगरच्या हॉटेलवाल्यांनी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली, छान आहेत म्हणाले आणि परत ठेवली.

जो माल विकला जात नाही, नुसता जागा अडवतो, त्याला आम्ही ‘डेड स्टॉक’ म्हणतो. यजमान रोज त्या खोक्यांना पाय अडखळल्यासारखं करायचे.

अशात कोल्हारहून मंगल आली, नवऱ्याला घेऊन. मनमाड रोडला लागून त्यांच्या शेताचा तुकडा होता, तिथे मटण-भाकरीचं हॉटेल काढायचं होतं. तिचे सासरे, तात्या, कितीतरी वर्षं नको म्हणत होते. जमिनीत दाणा पेरायचा, खुर्च्या नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सुनेच्या हाताच्या चवीपुढे नमले.

“पैलं ताट तात्यांना,” मंगल मला म्हणाली. “त्ये पोटभर जेवून उठले, की मंग गिऱ्हाईक घ्यायचं. त्यांच्या मनात अजून किंतू हाय, ताई. आता ताटं दाखवा. स्टीलची, खोलगट.”

मी काळं ताट पुढे केलं.

तिनं कडेवरून बोट फिरवलं. “ह्याला काठ न्हाई.”

“काठ जुन्या ताटांना असतो.”

“मंग रस्सा?”

“रस्सा वाटीत.”

“येतो वाटीतच. ऱ्हातो कुठं वाटीत?”

“अगं, लोक आता आधी फोटो काढतात, मग जेवतात.”

तिचा नवरा भाऊसाहेब म्हणाला, “ताई म्हनत्यात तर घेऊ की. हायवेचं गिऱ्हाईक हाय.”

“हायवेचं गिऱ्हाईक काय दुसऱ्या तोंडानं खातंय का?” मंगल म्हणाली. पण घेतली. बोलण्यात मी तेव्हा कोणाला हार जात नसे. खोकी टेम्पोत चढली तेव्हा यजमानांनी मला स्वतःहून चहा पाजला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे रस्सा-भाकरी तुकडा बुडवून खात नाहीत. बाजरीची भाकरी ताटात कुस्करायची. झाडाला करतात तसं मधे आळं करायचं. त्यात रस्सा ओतायचा आणि तो मुरेपर्यंत कांदा बुक्कीनं फोडायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी पारनेर तालुक्यातली. भाकरी दुसऱ्या कुठल्या रीतीनं खातात हेच मला लग्नानंतर कळलं. घरी मी आजही कुस्करूनच खाते. दुकानात मात्र मी प्रेझेंटेशनवाली बाई होते.

उद्घाटनाला मी गेले. नव्या भट्टीचं पहिल्या दिवशी काहीतरी अडतंच, म्हणून पुरवणाऱ्यानं हजर राहायचं असतं. भट्टीचं काही अडलं नाही. पांढऱ्या टेबलांवर काळी ताटं मांडलेली पाहून मला भरून आलं. मी फोटो काढले. मंगलच्या माहेरची माणसं आली होती. तात्या मधल्या टेबलाला बसले, कडक धुतलेलं धोतर, नवी टोपी. मंगलनं स्वतः वाढलं. सुकं, रश्श्याची वाटी, कांदा, दोन भाकरी.

तात्यांनी भाकरी कुस्करली. आळं केलं. रस्सा ओतला.

आळं फुटलं. तवंग ताटभर पसरला, कडेला आला आणि खाली उतरला. तात्यांनी तळहाताचा बांध घातला, तर दुसरीकडून वाट फुटली. टेबलावरून थेंब धोतरावर पडायला लागले. ते एका हातानं काला सावरत होते आणि दुसऱ्या हातानं धोतर.

इथे मी म्हणायला हवं होतं, “थांबा, ताट चुकलंय.” एवढंच.

पण व्याही बघत होते, मंगल बघत होती आणि ताटं माझी होती. मी पुढे झाले. लहान मुलाला सांगावं तशा आवाजात म्हणाले, “तात्या, इथं असं कुस्करायचं नसतं. हॉटेल आहे ना हे? तुकडा मोडायचा, रश्श्यात बुडवायचा, असा. बघा.” आणि त्यांच्या ताटाशेजारची भाकरी उचलून मी तुकडा मोडून दाखवला.

व्याही हसले. “शिका आता म्हातारपनी,” म्हणाले.

“व्हय का?” तात्या म्हणाले. “आमाला काय ठावं, बाई.”

त्यांनी तुकडा मोडला, बुडवला, तोंडात घातला. तो इकडून तिकडे फिरवत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना दाढाच नाहीत. दुसरा तुकडा त्यांनी घेतला नाही. ताटात हात धुवायला पेला उचलला, ताटाकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला. उष्ट्या हातानंच उठले.

“तात्या, जेवला न्हाई तुमी,” मंगल म्हणाली.

“झालं की. लई झालं.”

भरल्या ताटावरून उठले ते. आणि त्यानंतर गिऱ्हाईक घ्यायचं होतं. मंगलनं माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊसाहेबानं मोटारसायकल काढली आणि घरातली, शेजारची मिळतील तेवढी स्टीलची ताटं गोणीत घालून आणली. दुपारची गर्दी त्यावर जेवली. माझी ताटं पापड आणि लिंबू-कांद्याला लागली. मी भट्टीपाशी उभी राहून भट्टीकडे बघत राहिले. भट्टी उत्तम चालली होती.

दुसऱ्या दिवशी मी खोलगट ताटं टेम्पोनं पाठवून दिली. त्याच टेम्पोतून परत आलेल्या काळ्या ताटांच्या खोक्यांना यजमान पुन्हा पाय अडखळल्यासारखं करू लागले.

तेव्हापासून दुकानात मी आधी एकच विचारत असे: तुमचं गिऱ्हाईक जेवतं कसं? ताट मग दाखवायचं. हा एवढासा धडा शिकायला मला एका म्हाताऱ्याला उपाशी उठवावं लागलं. आता सगळे मला अनुभवी म्हणतात.

कोल्हारला परत जायचं मी टाळत होते. शेवटी पुढच्या हिवाळ्यात गेले. हॉटेल जोरात चालू होतं. बाहेर गाड्या, आत लेकुरवाळी कुटुंबं, पोरं नळीतला गर ओढतायत आणि टेबलाटेबलाला भाकरी कुस्करली जातेय. तात्या लिंबाखाली बाजेवर बसले होते. मी म्हणाले, “त्या दिवशी चुकलं माझं, तात्या.”

“काय चुकलं? चांगलंच सांगितलं तुमी,” ते म्हणाले. “जेवून जा.”

“तुम्ही जेवलात?”

“मगाशीच.”

मला बरं वाटलं. आत गल्ल्यावर मंगल होती. तिला सांगितलं की तात्यांनी मनात काही ठेवलेलं दिसत नाही. ती सुट्टे पैसे लावत होती. ते लावून झाल्यावर म्हणाली, “ताटं बदलून दिली ते बरं केलं, ताई. पन तात्या आता चार मान्सांत भाकरी कुस्करत न्हाईत. जेवन झालंय म्हनत्यात, अन् मान्सं गेली की मागं चुलीपाशी बसून खात्यात.”