कोरड्या कागदातलं पाणी

आमचे हे म्हणजे रेवणप्पा. घेतलं नाव, न्हायतर कुणाचं सांगतीय ते कळायचं कसं? कॉलेजात रसायनाच्या लॅबमधी शिपाई, सहा वर्षं टेंपरवारी. चौऱ्याहत्तर साली परीक्षेला बाहेरचे सर येणार होते. सगळं नीट पार पडलं तर तुला कायम करायचं बघतो, असं ह्यांच्या लॅबच्या सरांनी सांगितलेलं. आमचा माणूस लई टापटिपीचा, आन् तेच आडवं आलं.

प्रयोग असा, की कागदाच्या पट्टीवर एकात मिसळलेल्या तीन रसांचा ठिपका द्यायचा आन् पट्टी बंद बरणीत टांगायची. बरणीतला द्राव कागदातनं सरकतो, मग फवारा मारला की एका ठिपक्याचे तीन जांभळे ठिपके उठतात. पण परीक्षेच्या तयारीत तीन दिवस नुसता ओघळ उठायचा. सर चिडले, कागदाला तुझे हात लागतात म्हणाले. ह्यांनी हात धुऊन धुऊन कातडं सोलून घेतलं. ताटातली भाकरी तशीच राहायची. सरांनी समजावलेलं डोक्यात घुमत होतं, की कागदातलं पाणी जागेवर बसून असतं, द्राव पुढं जातो, आन् दोघांच्या ओढाताणीत रस वेगळे होतात. हे कागद चाचपायचे. ठणठणीत कोरडा. मग पाणी कुटं हाय?

मला रागच आला. कागदाला करता तरी काय, म्हणून विचारलं. तर म्हणतात, रोज सकाळी ओव्हनमधी घालून पापडासारखा कडक करतो!

मी कपाळावर हात मारला. वीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात सूत भिजवतीय मी.

"अहो, कोरडं सूत रंगात घातलं तर डागडाग धरतंय. आन् हाताला कोरडं लागलं म्हणून पाणी नसतंय व्हय? पावसाळ्यात तेच सूत काट्यावर जड भरतंय की."

ह्यांना काय कळलं, काय न्हाय, देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी कागद भाजला न्हाय. बरणीत पाण्याची वाटी ठेवून तितंच टांगला. तीन ठिपके उठले. सर खूश. कागदाचा पहिला गठ्ठाच खराब असणार, म्हणाले. आता गप बसावं की न्हाय? तर हे म्हणाले,

"सर, चूक माझी. मीच वाळवत होतो."

ह्यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, गेली आता नोकरी. परीक्षा झाली. दोन महिने सर काही बोलंनात. मग ऑर्डर आली, कायम केल्याची. ह्यांनी तो कागद उजेडात धरला, चाचपला.

"महादेवी, ह्यातबी पाणी आसंल?"

मला रडू आवरंना. दोन थेंब ऑर्डरीवर पडले.

"आता हाय की," मी म्हटलं.