पंधरा हातांचं शिखर

तीस वर्षं पोरांना मीटर-सेंटीमीटर शिकवलं आणि म्हातारपणी लबाडी केली ती मोजमापातच. खोटं कावून बोलू? मला तिची फारशी लाजही वाटत नाही.

दाजी गेल्यावर माझी थोरली बहीण, आक्का, आमच्याकडं राहायला आली. घर तीन खोल्यांचं. आक्का मधल्या खोलीत झोपायची आणि परसात जाणारा येणारा प्रत्येकजण तिच्या अंथरुणाला वळसा घालून जायचा. एकदा मला म्हणाली, "मला एक खोली दे बाबा. बारकी आसली तरी चालंल, पण माझी पायजे." जन्मात तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट.

खोली काढायची तर गच्चीवरच. पण आमच्या गावात कुणी आपल्या गल्लीतल्या देवळाच्या शिखराहून उंच घर बांधत नाही. आमचं घर चढावर आणि गल्लीतला मारुती बुटका. त्याच्या शिखरावर बसलेला कावळा आमच्या गच्चीवरून काठीनं हाकलता यायचा. तेवढ्यात ते देऊळ नव्यानं बांधायचं ठरलं आणि शनिवारीसुद्धा तिकडं न फिरकणारा मी एकदम भक्त झालो. "शिखर कसं उंच पायजे!" बैठकीत सगळ्यात मोठा आवाज माझा. बायको म्हणाली, "आता कुठून भक्ती फुटली म्हणायची?"

पेठेतले दुकानदार मात्र अडून बसले. त्यांच्याकडचा महादेव गावाचं दैवत, त्याच्याहून उंच शिखर गावात चालायचं नाही. आमच्या गल्लीतले शेतकरी आधीच तापट. ग्रामपंचायतीत अशी जुंपली की सरपंचांना तीनदा चहा मागवावा लागला. शेवटी पेठेतल्या म्हाताऱ्या किराणावाल्यानं तोड काढली, की मारुती महादेवाहून एक हात कमी ठेवायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

महादेवाचा गुरव दरवर्षी शिखरावर चढून नवा झेंडा लावतो. त्यालाच वर चढवलं. त्यानं कळसापासून दोर खाली सोडला, उतरला आणि तो दोर आपल्या हातानं, कोपरापासून बोटापर्यंत, मोजला. सोळा हात भरला. आमच्याकडं विहिरीचा दोर असो की बैलाचा कासरा, मोजायचा तो हातानंच. त्यामुळं ठरावात मी लिहिलं, "मारुतीचं शिखर पंधरा हात." हात कुणाचा, हे मी लिहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

गुरव जेमतेम पाच फुटाचा. आमच्या देवळाचं माप घ्यायला गवंडी आला तेव्हा मी गंभीर तोंड करून म्हणालो, "मारुतीचं काम हाय, माप पैलवानाच्याच हातानं पायजे." गल्लीनं टाळ्या वाजवल्या. आमच्या गल्लीतल्या पैलवानाच्या हातात गुरवाचा हात सहज मावतो, वर दोन-तीन बोटं जागा उरते. मी मनात गणित केलं. आक्काच्या खोलीला पुरतं छत मिळत होतं.

कळस चढला. त्याच्या वीतभर खाली आमची खोली उभी राहिली आणि आक्का वर राहायला गेली. दोन महिने बरे गेले. मग एकदा गेवराईहून येताना हायवेच्या पुलावरून किराणावाल्याला दोन्ही शिखरं एकदम दिसली. त्यानं एसटीतून उतरल्या उतरल्या गवंड्याकडून टेप मागवली. मारुती महादेवाहून पावणेदोन फूट उंच! झालं, पेठ पेटली. "शिखर उतरवा!" शिखर उतरलं की आमची खोलीही उतरणार. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी आक्कानं मला खोदून खोदून विचारलं आणि मी सगळं ओकलो. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मला मागं घेऊन ग्रामपंचायतीच्या भरल्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

"देवाला हात लावू नका. लबाडी माझ्या भावानं केली, माझ्यापायी केली. खोली पाडा."

एवढं बोलून ती निघूनही गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किराणावाल्यानं घसा खाकरला. "गुरुजी, तुमी लई बेरकी हाव. पण बाईमाणसाची खोली कावून पाडायची? आपण महादेवाला दोन हात वाढवू." मग पैलवानाकडं बघून म्हणाला, "तुज्याच हातानं."

हशा पिकला. म्हातारा जरा जास्तच लवकर वळला होता, हे मला मागाहून उमगलं. पुढच्याच आठवड्यात पेठेत चार दारांपुढं विटा पडल्या, पहिल्या त्याच्याच. त्याला दुकानावर माडी चढवायची होती, अन् तीन वर्षांपासून!

पण त्या दिवशी मला एवढा विचार कुठला? मी घराकडं पळालो, जिना धापा टाकत चढलो. दार आतून लावलेलं. ढकलायला गेलो, मग कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी."

"आत्ता नगं येऊस. उंद्या पाडतेल तर पाडू दे. आज जरा एकटीला बसू दे मला."

खोली वाचली, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. खरं सांगतो, डोळे भरून आले. तोंड मिटलं, वरच्या पायरीवर बसलो आणि तिनं आपणहून दार उघडेपर्यंत काही बोललो नाही.