साडूभाऊंचा मोठा श्वास

झोपेत सगळ्यांत जास्त कष्ट उपसणारा माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये शोधायचा झाला, तर माझ्या साडूभाऊंच्या पलीकडे जायची गरज नव्हती. बाकीचे लोक झोपून ताजेतवाने होतात. साडूभाऊ सकाळी रात्रपाळी करून आल्यासारखे उठत आणि उरलेली झोप दिवसभर मिळेल तिथं पुरी करत. डब्लिनच्या ओंगार या उपनगरातल्या हॉलमधल्या गणपतीच्या आरतीत ते टाळ्या वाजवता वाजवता उभ्याउभ्या झोपलेले मी पाहिले आहेत. आरती संपली, टाळ्या चालूच. दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं खुर्चीत आडवे होऊन ते असे घोरले, की बाई ड्रिल बंद करून यंत्रात काय बिघडलंय ते पाहू लागल्या. आमच्याकडं त्यांचं जेवण झालं की सोफ्यावरून आधी बारीक शिट्टी यायची, मग घरघर, मग चढावर दमलेल्या ट्रॅक्टरचा आवाज, आणि मग एकदम काहीच नाही. त्या शांततेत आम्ही सगळे हातातले चमचे तसेच धरून थांबायचो. एक मोठा हुंकार आला की गप्पा पुन्हा सुरू. टीव्ही बंद केला तर मात्र ते तत्काळ म्हणत, "असू द्या ना, मी पाहून राहिलो." माणूस मूळचा नागपूरचा. इथं इतकी वर्षं काढूनही त्यांचं 'राहिलो' काही सुटलेलं नाही.

गंमत अशी, की घोरण्यावर अधिकारानं बोलणारा दुसरा कुणी आमच्यात नव्हता. शरीरात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ते इंजिनिअर आहेत. कुणाचा नवरा घोरतो एवढं कानावर पडलं, की ते कागदी स्ट्रॉ मागवत, पाण्यात भिजवून मऊ करत आणि एक टोक बोटानं अर्धवट दाबून जोरात ओढत. स्ट्रॉ चपटी होई. "पाहा, भिंत मऊ, वाट अरुंद आणि ओढ जोराची. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, उताणं झोपलं की जीभ मागे जाते. भिंती फडफडल्या तर घोरणं, चिकटल्या तर श्वास बंद. साधं आहे." शेजारच्या आयरिश आजोबांना तर त्यांनी एवढ्या प्रयोगावर कुशीवर झोपायला लावलं. एकदा मी विचारलं, "आणि तुमचं काय?" ते शांतपणे म्हणाले, "मी घोरत नाही. माझा श्वासच थोडा मोठा आहे."

त्यांची दुसरी अभिमानाची गोष्ट म्हणजे गाडी चालवणं. कुणाचेही आईवडील भारतातून येणार असले, की विमानतळावर साडूभाऊ हजर. गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही चौघं किलकेनीचा किल्ला पाहून निघालो. ते चालवत होते, मी शेजारी. मागे माझी बायको आणि तिची मोठी बहीण, म्हणजे साडूभाऊंची बायको. मीही त्यांना ताईच म्हणतो. गावातच एका सिग्नलला गाडी थांबली. सिग्नल हिरवा झाला, गाडी हलेना. मला वाटलं, कुणी रस्ता ओलांडत असेल. सिग्नल पुन्हा लाल झाला. मागच्या कुणी हॉर्न वाजवला नाही. इथली माणसं त्या बाबतीत फार सोशिक. शेवटी एक गृहस्थ गाडीतून उतरून आले आणि काचेवर टकटक करून म्हणाले, "ऑल ग्रँड?" म्हणजे सगळं ठीक ना? साडूभाऊ दचकले. "ग्रँड, ग्रँड," ते म्हणाले, आणि मग आम्हाला, "मी विचार करून राहिलो होतो."

माझ्या बायकोला हसू फुटलं. ताई हसल्या नाहीत. "गाडी बाजूला घ्या," त्या म्हणाल्या. ती बाजूला लागल्यावर त्यांनी किल्लीसाठी हात पुढं केला.

"अगं, जरा डोळा लागला, एवढंच."

"रोज रात्री तुमचा श्वास थांबतो. तो परत येईपर्यंत मी उठून बसते. आला नाही तर खांदा हलवते. तुम्ही कूस बदलून झोपता, मी जागीच. तुम्हाला सांगायला गेलं, की तुम्ही स्ट्रॉ दाखवता."

साडूभाऊंनी किल्ली दिली. डब्लिनपर्यंत ताईंनी गाडी चालवली, आणि ते शेजारच्या सीटवर पूर्ण जागे होते.

पुढं झोपेच्या डॉक्टरांकडं जाणं झालं. बोटाला चिमटा, नाकाशी नळी आणि छातीला पट्टा लावून ते एक रात्र घरीच झोपले. तपासणीत दिसलं, की झोपेत घसा पुन्हा पुन्हा मिटतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, आणि दर वेळी मेंदू त्यांना अर्धवट जागं करून श्वास घ्यायला लावतो. घसा कसा मिटतो ते या डॉक्टरीणबाई हातानं दाखवू लागल्या, तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "हे मला माहीत आहे." बाई म्हणाल्या, "मग इतक्या उशिरा का आलात?"

उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवायची नाही, असंही बाईंनी बजावलं. त्या दिवसांत आमच्या ओळखीतल्या एकाचे आईवडील विमानतळावरून टॅक्सीनं घरी गेले. साडूभाऊंना ते फार लागलं. उशाशी छोटं यंत्र आलं, नाकावर मास्क आला. यंत्र हलक्या दाबानं हवा देत राहतं. त्या हवेच्या टेकूनं घसा उघडा राहतो. साडूभाऊंनी आधी त्याच्या नळीच्या जोडणीत चुका काढल्या, मग मास्क फेकून दिला. ताईंनी तो उचलून पुन्हा लावला. हळूहळू सवय झाली. आता किल्ली परत त्यांच्या खिशात आहे. जेवणानंतर ते जागे असतात आणि बोलतात, बरंच बोलतात. त्याची सवय आम्हाला करून घ्यावी लागली.

परवा ऊन पडलं म्हणून आम्ही डून लेरीच्या बंदरावर गेलो. धक्क्यावरच्या बाकावर आईस्क्रीम खात बसलो होतो. ताई मुलीच्या कॉलेजचं काहीतरी सांगत होत्या, आणि वाक्य मधेच राहिलं. पाहतो तर साडूभाऊंच्या खांद्यावर डोकं टेकून त्या झोपल्या होत्या. वाऱ्यानं केस तोंडावर आले तरी जाग नाही. माझी बायको हाक मारणार, तोच साडूभाऊंनी डोळ्यांनी तिला थांबवलं.

"झोपू द्या," ते अगदी हळू म्हणाले. "पुष्कळ वर्षं झोपली नाही ती."

शिडाच्या होड्या बाहेर गेल्या. साडूभाऊंच्या हातातलं आईस्क्रीम वितळून मनगटावरून बाहीत उतरू लागलं. मी टिश्यू पुढं केला, तर त्यांनी नजरेनंच नको म्हटलं. खांदा हलला असता.