पाटांचं दार

आमच्या घराचं दार घरमालकानं हातगाडीवर घालून नेलं, त्या दिवशी मला कळलं की माझी सासू भांडत नाही, नुसती बसते. आणि एकदा बसली की मग तिला उठवून दाखवावं कुणीही.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सत्तरचं दशक नुकतंच लागलेलं. नवरा सैन्यात, लांब उत्तरेकडं. कोल्हापुरात एका पेठेत, रस्त्याला लागून असलेल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहायचो. सासूला मी आत्ती म्हणायची. आत्ती लोकांची चटणी कांडून द्यायची. चटणी म्हणजे आमची लाल, वर्षाची एकदम करून ठेवतात ती. बाहेरच्या खोलीत जमिनीत दगडी उखळ रोवलेलं होतं, तिच्या सासूनं रोवून घेतलेलं. शहरात यंत्रावर कुटून मिळायला लागलं होतं, तरी उन्हाळाभर आमच्या दारात मिरच्यांची पोती लागायची. आता हे उखळ काही डोक्यावर घेऊन दुसरीकडं जाता येत नाही. खोल्या गेल्या की उखळ गेलं, आणि उखळ गेलं की आत्तीचं सगळंच गेलं. दुसरं होतं काय आमच्याकडं?

मे महिन्यात एका दुपारी वळीव आला. असला वारा मी जन्मात पाहिला नव्हता. समोरच्या चिंचेची फांदी कडाडून मोडली ती थेट आमच्या दारावर. दाराची एक फळी बिजागरीतून निखळली, दुसरी मधोमध फाटली, दोन्ही खिडक्यांच्या झडपा मोडून पडल्या. आम्ही दोघी मिरच्यांच्या पोत्यांवर गोधड्या टाकून त्यांच्यावर आडव्या पडलो. माणसं भिजली तरी वाळतात, मिरची भिजली की गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः आला. बोलायला साखरेचा. "मावशी, लईच नुकसान झालं की. दारं-झडपा दुरुस्तीला नेतो. तुम्ही चार दिस गावाकडं जाऊन या, तवर बसवून ठेवतो." आमचं गाव राधानगरीच्या बाजूला. आत्ती म्हणाली, "बरं हाय." मालकाच्या सुतारानं सगळं हातगाडीवर चढवलं आणि नेलं. मला तर माणूस देवासारखाच वाटला. मी पिशवी भरायलासुद्धा घेतली.

तेवढ्यात शेजारच्या मास्तरीणबाई धावत आल्या. "अहो, कुठं निघालात? मागच्या बोळातल्या शिंप्याचं ह्याच मालकानं असंच केलं. दार गेलं दुरुस्तीला, तो गेला गावाला. परत आला तर नवं दार आणि त्यावर मालकाचं कुलूप! मालकाला जावयासाठी कापडाचं दुकान घालायचंय, तुमच्याच खोल्यांत."

माझं डोकंच सणकलं. "मुडदा बशिवला त्या मालकाचा!" मी ओरडले. आत्ती मात्र उखळाजवळ जाऊन बसली. "मग न्हाय जात," म्हणाली. एवढंच.

न जाऊन करायचं काय? दाराच्या जागी भगदाड, घरात दोन बायका. फळ्या आणायच्या तर वखार बंद, वळवानं निम्म्या शहराचे पत्रे उडालेले, सुतार कुणाला मिळत नव्हता. आत्तीनं इकडंतिकडं बघितलं आणि भिंतीला टेकवलेल्या आमच्या दोन पाटांवर तिची नजर थांबली. "पोरी, गल्लीत जा. घरटी एक पाट माग."

मला लाज वाटली. पण तेव्हा कुठल्याही घरचं लग्नकार्य असो, पाट साऱ्या गल्लीतून गोळा व्हायचे. मागणाऱ्याला कुणी कारण विचारत नसे. प्रत्येक घराची खूण पाटाच्या पाठीवर रंगानं काढलेली असायची. कुणाचं स्वस्तिक, कुणाचे तीन ठिपके, कुणाचं अक्षर. मी दारोदार फिरले आणि चार वाजेपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत चळत लागली. मास्तरीणबाईंनी तर लग्नातला पितळी फुलांचा पाट दिला. "खिळे ठोकणार आहोत बरं का," मी म्हटलं. "ठोक की," त्या म्हणाल्या, "जेवणारा काय पाट बघून जेवतोय!"

मालकीणबाईंकडं मी गेले नाही, जाणार कशी? पण पाचच्या सुमाराला त्यांचं मिरचीचं पोतं आलं, कांडायला. उघडलं तर वर मिरच्या आणि खाली एक पाट. आत्तीनं माझ्याकडं बघितलं, मी आत्तीकडं.

चौकोनी पाट चौकटीला पुरेनात, म्हणून मधोमध एक वासा उभा केला आणि दोन्ही बाजूंनी पाट ठोकत गेलो. खिळे टांग्याच्या घोड्यांना नाल मारणाऱ्याकडून आणलेले, हातोडी म्हणून वरवंटा. ठोकायचं आतून, म्हणजे बाहेरून कुणाला उपटता येऊ नये. आत्तीचा एकच हट्ट: बसायची बाजू घराकडं. पालथा पाट सुतकात दिसतो, तो घरात दिसता कामा नये. म्हणून सगळ्या पाठी रस्त्याकडं गेल्या. अंगठा दोनदा चेचला माझा, पण प्रत्येक खिळ्याला मी मालकाचं नाव घेत होते. खिडक्यांच्या गजांना उरलेले पाट सुंभानं बांधले. दिवेलागणीला घर बंद झालं. जायला-यायला मागचं परड्यातलं दार होतंच. मला इतका आनंद झाला की मी त्या पाटांच्या दाराला हळदकुंकू लावलं.

चौथ्या दिवशी सकाळी मालक आला, पेठेतल्या दोन मोठ्या माणसांना घेऊन. "बघा, तुम्हीच बघा. माझ्या चौकटीची चाळण केली या बायकांनी. असले भाडेकरू ठेवायचे कसे?" मी पाटांच्या फटीतून बघत होते. त्या दोघांतल्या म्हाताऱ्यानं काठीनं एक पाट ठोकून बघितला आणि म्हणाला, "अहो, ह्यो हिरवा पोपट तर तुमच्या घरचा! परवा बारशाला मी ह्याच पाटावर बसून जेवलो की."

आई गं! गडबडीत मालकीणबाईंच्या पाटाची पाठ मी बघितलीच नव्हती. घरटी खूण असते हे माहीत असूनही बरोबर डोळ्यांसमोर, मधोमध ठोकला होता. आमचं काय व्हायचं ते होवो, पण त्या बाईचं घरात काय होणार?

माझ्या मागं आत्तीच्या मुसळाचा आवाज चालूच होता. भाजलेल्या मिरचीचा नाकाला झोंबणारा खाट फटीफटीतून रस्त्यावर चालला होता. दुसरा माणूस शिंकायला लागला, मग म्हातारा, मग मालकसुद्धा. आत्तीनं मुसळ थांबवलं आणि बसल्या जागेवरून हाक दिली, "मालक, चौकटीत समद्या गल्लीचे पाट हायती. तुमच्या घरचाबी हाय. उपटायचे तर पयला तुमचाच उपटा. न्हायतर माझं दार आणून द्या, मी ज्याचा त्याला पोचता करतो."

म्हातारा शिंकता शिंकता हसायला लागला. "द्या वो दार, द्या," तो म्हणाला. "घरातनंच माणूस फुटलंय, आता काय भांडता!"

मालक नाक पुसत निघून गेला. दोन दिवसांनी हातगाडी आली, तीच दारं-झडपा, सांधून आणि नवी बिजागरी लावून.

पाट परत करायचं काम माझ्याकडं आलं. मी लाख आणि लाकडाचा भुसा कालवून सगळ्यांची भोकं बुजवली. मालकीणबाईंचा पाट मात्र शेवटी ठेवला, कारण त्यांच्या दारात जायचा मला धीरच होत नव्हता. अखेर दुपारी मालक घरात नसताना गेले. "बाई, माझी चूक झाली," म्हटलं, "पोपट दिसला हो त्यांना. लई बोलले का तुमास्नी?"

त्यांनी पाट हातात घेतला, उलटा-सुलटा केला, बुजवलेल्या जागांवरून बोट फिरवलं. मग चुलीजवळची सांडशी घेतली आणि तिच्या टोकानं लाखेचा एकेक ठिपका उकरून काढला. चारही भोकं पुन्हा मोकळी केली.

"असू देत," त्या म्हणाल्या. "रोज दोन वेळा ह्योच पाट त्यांना मांडणार हाय मी."